शंभर कोटींचा दावा, तीन लाखांची फी

खांदेश्वरहून हार्बर पकडायची, कुर्ल्याला उतरायचं आणि रिक्षानं बीकेसी गाठायचं. तिथल्या जी ब्लॉकमध्ये नॅशनल स्टॉक एक्सचेंज आणि त्याच्यावर नजर ठेवणारी सेबी असे दोघे शेजारीपाजारी नांदतात. खांदा कॉलनीकरांनो, या शेजाऱ्यांची गंमत ऐकाच.

जून 2015. एक्सचेंजच्या सर्व्हरवर काही दलालांना इतरांच्या आधी भाव दिसतात, असं ‘मनीलाइफ’ या नियतकालिकानं छापलं. बातमीचं मूळ होतं एका निनावी पत्रात, आणि ते पत्र लिहिलेलं होतं सेबीला! सुचेता दलाल यांनी (हो, हर्षद मेहताचं बिंग फोडणाऱ्या त्याच) छापण्याआधी एक्सचेंजकडे विचारणा केली होती. उत्तर आलं नाही. आला तो थेट 100 कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा.

9 सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी लेखावर बंदीची मागणी फेटाळलीच, वर एक्सचेंजला 50 लाखांचा भुर्दंडही लावला. सुचेता दलाल आणि ‘मनीलाइफ’चेच देबाशिष बसू यांना दीड-दीड लाख; उरलेले 47 लाख टाटा मेमोरियल आणि मसीना रुग्णालयाला, गरीब रुग्णांसाठी. 2017 मध्ये एक्सचेंजनं माघार घेतली.

शंभर कोटी ऐकून छाती दडपते ना? दडपू देऊ नका. महाराष्ट्रात कोर्ट फीला कमाल मर्यादा असते. तेव्हा ती 3 लाख होती, 2018 पासून 10 लाख. ती गाठली की पुढची शून्यं फुकट! गुजरातेत तर मर्यादा अवघी 75 हजार. राफेल विमान करारावरून अनिल अंबानींच्या रिलायन्सनं ‘नॅशनल हेराल्ड’वर 5,000 कोटींचा दावा ठोकला तो अहमदाबादेत. 2019 मध्ये तो मागे घेण्यात आला.

आणि सेबी? तिनं 2019 मध्ये एक्सचेंजला 624.89 कोटी व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं तो आदेश रद्द केला आणि हलगर्जीबद्दल भरायला लावले... 100 कोटी. पुन्हा तोच आकडा! दलालांशी संगनमत झाल्याचं सिद्ध होत नाही, हे 2024 मध्ये खुद्द सेबीनंच मान्य केलं.

वर्तमानपत्रांवर अंकुश ठेवायला निघालेल्या सरकारलाही असाच दणका बसलाय, आणि तो पुण्यातून. किती पानांना किती किंमत, हे ठरवणाऱ्या 1960 च्या आदेशाविरुद्ध ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. हिशेब फक्त एका नव्या पैशाचा: आठवड्याला 34 पानं द्यायची तर अंकाला सातऐवजी आठ पैसे घ्या! 1961 मध्ये न्यायालयानं आदेशासकट मूळ कायदाही मोडीत काढला.

प्रेस कौन्सिलचं काय, म्हणाल? ती समज देते, ताशेरे ओढते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही.

हे सगळं मोठ्यांचं, असं समजून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चेअरमनना ‘चोर’ म्हणायला जाऊ नका. बदनामीचं कलम तुम्हालाही लागू आहे. दिवाणी दाव्याला वर्षभराची मुदत असते, फौजदारीत दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, आणि जुलै 2024 पासून आणखी एक शिक्षा आली आहे: समाजसेवा.