झाडाची दाढी ओळखावी कशी?

फिनलंड-स्वीडनच्या उत्तरेकडील स्प्रूसच्या अरण्यांत फांद्यांवरून लोंबणाऱ्या दाढ्या पाहून वृक्षांस काही व्याधी जडली असावी असा संशय येणे स्वाभाविक असले, तरी बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेले, आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्याच कुळातले हे जीव फांदीकडून केवळ आधार घेतात. ओळख पटविण्यास ओलसर तंतू हलकेच ताणावा: साल तडकून आत बुरशीच्या घट्ट धाग्यांची, रबरासारखी ताणली जाणारी पांढरी दोरी दिसली, तर तो खात्रीने उस्निया. पिवळसर-हिरवा रंग अलेक्टोरियाचाही असतो, कारण उस्निक आम्ल दोघांच्याही सालीत असते. दोरी मात्र अलेक्टोरियात नाही. हे आम्ल नसलेला, तपकिरी-काळा तो ब्रायोरिया. बर्फ कठीण झाले की रेनडिअरना अशाच दाढ्यांचा आधार होतो.