सांगून घडवलेला कोयता

देगलूरच्या बाजारात तयार कोयता स्वस्त मिळतो. तरी चार-पाच महिने पालात राहून ज्याला ऊस तोडायचा आहे, तो मजूर लोहाराला सांगून कोयता घडवून घेतो. आपल्या घरची सुरी बोथट झाली तर भाजीला उशीर होतो. त्याचे पाते तुटले तर त्या दिवसाची मजुरी गेली. त्याच पात्याने तो पालाच्या मेढी तासतो, सरपण तोडतो, रात्री साप निघाला तर तेच हाताशी असते.

आमच्याकडचे लोहार बहुधा मालमोटारीचा जुना कमानपाटा वापरतात. नांदेड-हैदराबाद रस्ता देगलुरावरूनच जातो. भंगाराला तोटा नाही. या पोलादात शंभर भागांत अर्ध्या भागाच्या आसपास कर्ब असतो, म्हणून ते पाणी घेते. साधी सळई घेत नाही. लाल तापवून एकदम बुडवले की पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून पुन्हा बेताने ऊब द्यायची. घासलेल्या पात्यावर आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते. निळ्यावर थांबले तर पाते चिवट होते, मात्र वरचेवर घासावे लागते. कोठे थांबायचे, हे गिऱ्हाईक काय तोडणार यावरून ठरते, आणि म्हणूनच लोहार आधी तेच विचारतो. नेपाळचे कारागीर खुकरीच्या नुसत्या धारेवर किटलीने पाणी ओततात. धार कठीण, पाठ चिवट. धातुशास्त्र तेच!

घिसाड्यांच्या पालावर नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि घण बाई घालते. किंमत ठरवताना तिची मजुरी कोणी वेगळी धरत नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचल याच हिशोबाने मिळते. माणसाला हत्याराचे नाव दिले, पण ते हत्यार त्यानेच पदरच्या पैशाने घ्यायचे! गिरणीत विणकराला माग घरून आणायला कोणी सांगितले नव्हते. कोयत्याची किंमत तोडणीच्या दराबाहेर वेगळी मिळावी, असे आमचे म्हणणे आहे.

कायद्याची भीती पुष्कळांना वाटते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील १९६२ च्या नियमांत ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पाती घातक शस्त्रांत धरली होती. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यांतून वगळली होती. कोयता हे शेतीचेच अवजार आहे. तरीही प्रवासात तो गोणपाटात गुंडाळून ओझ्यात बांधावा. कमरेला लावून बाजारात हिंडू नये.

हंगाम संपला की पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. झिजल्यास लोहाराकडून शेवटून घ्यावे. यंत्राच्या सहाणेवर कोरडी धार लावू देऊ नये. धारेवर निळा डाग उमटला की तेथले पाणी उतरले.