हिंजवडीतील घरांचे भाव आणि आपले कारागीर

हिंजवडीत गाळा घेऊन बसलेल्या, किंवा तेथील इमारतींत फर्निचर, फॅब्रिकेशन, रंगकाम करणाऱ्या आपल्या बांधवांचा नेहमीचा प्रश्न असतो: रोजी येथे मिळते, मग घर येथे का होत नाही? मेहनतीत कसर नाही, धंदाही बरा चालतो. तरीही रात्री शटर ओढले की दूरची वाट धरावी लागते.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील शेतीचे गाव. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला घेतले. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्या आल्या. पार्कसाठी जमीन संपादित झाली आणि उरलेल्या शिवाराचा भाव एकरावरून गुंठ्यावर आला. माण, मारुंजी, वाकडपर्यंत हीच गत झाली.

भाव कोण ठरवतो, हे नीट समजून घ्यावे. सिमेंट, लोखंड, मजुरी यांचा खर्च गावोगाव फारसा बदलत नाही. फरक पडतो तो जमिनीत, आणि जमिनीची किंमत ठरते ती घेणाऱ्याला बँक किती कर्ज देईल त्यावरून. येथे घेणारे बहुधा नवरा-बायको दोघे नोकरदार, दोघांकडे पगाराची स्लिप. समजा सदनिका ६० लाखांची आहे. १२ लाख पदरचे घातले, उरलेले ४८ लाख साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. ४८ लाखांपोटी एकूण फेड जवळपास एक कोटीची. आठवड्याच्या मजुरीवर किंवा गल्ल्यावर जगणाऱ्याने या भावाशी स्पर्धा करूच नये. शिवाय आपल्यातील अनेकजण व्याजाचे कर्ज घेतच नाहीत. आणि नाव विचारल्यावर रिकामी खोली अचानक ‘गेलेली’ असते, हा अनुभव वाचकांपैकी कित्येकांना असेल.

एवढे होऊनही गाव अगदी पुसले गेलेले नाही. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाच्या उत्सवात हिंजवडीहून वाकडला बगाड निघते, तेव्हा काचेच्या इमारतींमधला रस्ता पुन्हा गावाचा होतो. पण गावकऱ्यांची कमाई बदलली. शेताऐवजी भाड्याच्या खोल्या, पीजी, गाळे हे अनेकांचे पीक झाले. त्याचा धोका २०२० मध्ये दिसला. कोरोनात कंपन्यांनी घरून काम सुरू केले आणि पीजी ओस पडले. त्यांच्या मागोमाग मेस, चहाच्या टपऱ्या, इस्त्रीवाले बसले. कर्ज काढून इमारत बांधणाऱ्या मालकालाही हप्ता चुकला नाही. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला बाजार असाच असतो. गाळ्याचे भाडे ठरवताना सोमवार ते शुक्रवारची दुपारची गर्दी पाहून भुलू नये, शनिवार-रविवारीही एकदा तेथे उभे राहून पाहावे.

घराच्या किमतीत न दिसणारा खर्चही असतो. पार्कचा कारभार एमआयडीसीकडे, गावचा ग्रामपंचायतीकडे, बाहेरील बांधकामाची परवानगी २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे, तर पोलीस ठाणे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. महापालिकेत समावेशाची मागणी अनेक वर्षे होत आली आहे. या ओढाताणीत पाण्याचा टँकर अनेक सोसायट्यांच्या माथी येतो आणि त्याचे पैसे देखभाल खर्चात निघतात. तेव्हा सदनिका पाहताना नळाला कोणाचे पाणी, हे आधी विचारावे.

हप्त्याऐवजी मोठी अनामत देऊन बिनभाड्याचे घर घेण्याचा मार्ग काहीजण धरतात. त्यात सगळी पुंजी मालकाच्या हाती जाते. साध्या कागदावर असा व्यवहार करणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. हे अकरा महिन्यांच्या करारालाही लागू आहे. अनामतीची पूर्ण रक्कम करारात लिहून घ्यावी व शक्यतो चेकनेच द्यावी.

घर विकतच घ्यायचे असेल, तर ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा, मोठ्या जमिनीवरचा आणि आठांहून अधिक सदनिकांचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असावा लागतो. विक्रीचा करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. ‘आज भरा, उद्या भाव वाढेल’ असे म्हणणाऱ्या एजंटाला हा नियम जरूर विचारावा. आणि गावठाणालगत स्वस्तात एक-दोन गुंठे दाखवणाऱ्याकडून आधी सातबारा मागावा. त्यावर विकणाऱ्याचे नाव आहे का, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे का, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतः पाहावे, मगच बयाण्याचे बोलावे.