विसरलेली आज्ञा शेललाच विचारा

लिनक्समध्ये 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. म्हणूनच आज्ञा देण्यापूर्वी तिचा अर्थ पाहणे हिताचे ठरते.

आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' म्हणतात. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला 'बॅश' हा शेल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेलमधील आज्ञा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. डिरेक्टरी बदलणारी 'सीडी' ही अंगभूत आज्ञा होय. कारण बाहेरचा प्रोग्रॅम शेलची चालू डिरेक्टरी बदलू शकत नाही. तिची माहिती 'हेल्प सीडी' लिहिल्यास मिळते. 'आरएम' मात्र स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. त्यासाठी 'मॅन आरएम' लिहावे. 'मॅन' म्हणजे मॅन्युअल. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मधील आहे. आज्ञा कोणत्या प्रकारची आहे, हे 'टाइप' सांगते. या सर्व आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्या लागतात.

ही माहिती सहसा संगणकावरच साठवलेली असते. त्यामुळे पुणे असो वा जळगाव जिल्ह्यातील पहूर, इंटरनेट बंद पडले तरी मदत मिळतेच. एंटर दाबण्यापूर्वी चार ओळी वाचणे केव्हाही श्रेयस्कर.