घोडा, भाव आणि नशीब : भाग ९
लांब भावाचा आडोसा

टोटच्या कपातीचं आज बोलायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी. नेरूळच्या एका वाचकाने धाडलेला प्रश्न टाळून पुढे जाववत नाही. त्यांच्याकडे दोन टिपवाल्यांचा हिशेब आहे. प्रत्येकी १०० टिपा, सगळ्या ‘विन’च्या, दर टिपेला १० रुपये. पहिल्याचे ४५ घोडे आले, सगळे एकास एक भावाचे फेवरिट. दुसऱ्याचे आले फक्त १८, पण एकास पाचने. दोघांत जाणकार कोण?

आधी पैसे मोजू. हजार रुपये लावून पहिल्याने ९०० परत आणले, दुसऱ्याने १०८०. म्हणजे दुसरा? थांबा. शंभरात १८ घोडे आणणाऱ्याचे तीन-चार घोडे इकडेतिकडे होणं हे नशिबाचं रोजचंच आहे. चार कमी आले असते, तर हातात ८४० उरले असते. अशा झोक्यापुढे ८० रुपयांच्या नफ्याची काय मातब्बरी?

हा ८ टक्के नफा नशिबाचा नाही, असं जरा खात्रीने म्हणायला सुमारे ३३०० टिपा लागतात. महालक्ष्मीचा नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळी हंगाम मिळून वर्षाला ४०० टिपा धरल्या, तर आठ वर्षं झाली! तोवर घोडे, जॉकी, ट्रेनर सगळे बदललेले असतात. उलट, फेवरिटवाल्याचा १० टक्के तोटा ४०० टिपांतच, म्हणजे वर्षभरात उघडा पडतो.

माझा जुना राग आहे तो इथे. फेवरिट सांगणाऱ्याला कुणी भाव देत नाही आणि तो लवकर पकडलाही जातो. लांब भावाचा घोडा एकदा आणणारा मात्र त्या एका दुपारच्या पुण्याईवर वर्षानुवर्षं जगतो. त्याला खोटं बोलायचीही गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं, ते खरं; पण ते कौशल्य याच गृहस्थांकडे आहे, असं काही निकालात लिहिलेलं नाही.

मग आठ वर्षं थांबायचं? नाही, एक आडवाट आहे. वहीत आणखी एक रकाना वाढवा. टिप मिळाली तेव्हाचा भाव आणि शर्यत सुटतानाचा भाव शेजारी शेजारी लिहा, हरलेल्या घोड्यांचेही. सकाळी एकास आठने सांगितलेला घोडा सुटताना एकास पाचवर येतो, असं पुन्हा पुन्हा घडत असेल, तर बाजाराला नंतर कळणारं काहीतरी या माणसाला आधी दिसतंय. घोडा जिंकला की हरला, याचा गोंधळ या मोजमापात शिरत नाही. म्हणून शे-दोनशे टिपांतही अंदाज बांधता येतो.

फक्त एक पेच उरतो. टिपवाला नावाजलेला असेल, तर त्याच्याच मागून धावणाऱ्यांच्या पैशाने भाव पडतो. मग ती त्याची नजर की त्याची गर्दी? हे कसं निवडायचं, ते टोटच्या कपातीनंतर. कारण त्या उत्तराला टोटचे आकडेच लागणार आहेत.