काचेमागचे महाराज

अकोल्यातल्या एका मोहल्ल्यात गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या आदल्या रात्री मांडव लागत होता. पाइप उभे झाले, भगवं कापड ताणून झालं, चौरंगावर माणसाच्या छातीएवढी तसबीर ठेवली गेली. अवघड काम त्यानंतरचं. लाइट लावले तसा काचेत दिव्यांचा लखलखाट उतरला आणि महाराजांचा चेहराच नाहीसा झाला. डेकोरेशनवाला मांडवाच्या तोंडाशी मांडी घालून बसला, कारण भाविक बसूनच पाहणार. ‘‘महाराजाईचे डोये दिसूनच नाई रायले भाऊ,’’ तो म्हणाला. एकानं तसबिरीच्या मागे वर पुठ्ठ्याची घडी सारली. तसबीर बोटभर पुढं झुकली, काचेतले दिवे वर सरकले आणि डोळे दिसू लागले. समोरचा हॅलोजन काढून त्यानं दोन्ही बाजूंना तिरपे दिवे बांधले. पोरांना डोक्यामागं फिरतं एलईडी चक्र हवं होतं. चक्र लागलं, पण फिरवायचं नाही असं ठरलं. कारण महाराजांच्या पोथीच्या 21 अध्यायांचं पारायण करणाऱ्या बायांना दिवसभर त्याच्यासमोर बसायचं होतं.

हे काम कुठल्याही कलादालनातल्या मांडणीइतकंच कसबाचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन. दर्शन कुठून, किती उंचीवरून, कोणत्या उजेडात घडावं, याचा विचार इथं रोज होतो.

महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 ला, समाधी 8 सप्टेंबर 1910 ची. म्हणजे कॅमेऱ्याच्या काळातलेच संत. पण घरोघरी पोचली ती प्रतीची प्रत: कुणी रंग भरले, कुणी मागे प्रभावळ काढली, आता फ्लेक्सवर छापतात. प्रत्येक वेळी बारकावे थोडे पुसट होतात. भक्ताला त्यानं फरक पडत नाही. कुठून आला, कोण, हे ज्याच्याबद्दल कुणालाच सांगता आलं नाही, त्या माणसाला हा पुसटपणा शोभतोही.

अमरावती जिल्ह्यात याच्या अगदी उलटं पाहायला मिळतं. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत समोर सजवलेलं आसन असतं, त्यावर मूर्ती नाही, तसबीर नाही. कुठल्याही धर्माच्या माणसानं तिथं आपलं दैवत पाहावं. गाडगेबाबा तर आपल्या नावाचं देऊळ नको म्हणून बजावत राहिले. तरी त्यांच्या तसबिरी गावोगाव आहेत, आणि त्यात झाडू असतोच.

मला सगळ्यात अडवतं ते माधानच्या गुलाबराव महाराजांचं रूप. जन्म 1881 चा. तान्हेपणीच दृष्टी गेली. स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी मानून ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. शंभरावर ग्रंथ सांगून लिहवले आणि 1915 मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले. आपण कसे दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नाही. आपण मात्र ते कुंकू आणि ते मंगळसूत्र पाहत बसतो. त्यांची तसबीर हार घालून भिंतीवर उंच टांगतात, ते मला पटत नाही. ती खाली, बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवी. शेजारी त्यांचे ग्रंथ असावेत, कुणीतरी ते मोठ्यानं वाचावेत. ते स्वतः ज्ञानाकडे कानानंच गेले होते.