ट्रेलरचे ब्रेक सांभाळा



माळशेज घाट उतरून धसई-मुरबाडकडे येताना भरलेला ट्रेलर ट्रॅक्टरला मागून रेटतो. ट्रॅक्टर दोनेक टनांचा, मागे आठ-दहा टन माल. नुसत्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर तो थांबणार कसा? शिवाय वेग दुप्पट झाला, की थांबायला अंतर चौपट लागते. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच.

निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल, नळीची गळती व लायनरची झीज पाहावी. लायनरला ग्रीस लागले तर ब्रेक धरत नाही. एकाच बाजूचे चाक धरले तर ट्रेलर ओढ खातो. रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडले जोडूनच ठेवावीत. घाट चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. चाकाला लावलेला दगड निघताना आठवणीने उचलावा. रात्री तोच दुसऱ्याच्या जिवावर बेततो.